बसल्यावर वाढणारं प्युडेंडल नसेचं दुखणं: मूळ नसेत, स्नायूत की खुब्यात? कसं ठरवायचं?

पायवाट

लक्षणांचं चित्र असं आहे. बसलं की पंधरा-वीस मिनिटांत गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्या मधल्या भागात जळजळ सुरू होते, एका बाजूला जास्त. आत काहीतरी गोळा अडकल्यासारखं वाटतं. उभं राहिलं की उतरतं, आडवं झालं की जवळजवळ थांबतं. रात्री झोपमोड होत नाही. कमोडच्या सीटवर मात्र तितका त्रास होत नाही. कंबरेचा एमआरआय, लघवीच्या तपासण्या, सोनोग्राफी सगळं नॉर्मल.

यापुढची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याच बाजूचा पाय गुडघ्यात वाकवून पोटाकडे आणला आणि आत वळवला की तो लवकर अडतो, जांघेत कळ येते. नितंबात खोलवर ठणका असतो.

निदान 'प्युडेंडल न्यूराल्जिया' (गुदद्वार-जननेंद्रियाच्या भागाला जाणाऱ्या प्युडेंडल नसेचं दुखणं) असं लिहिलंय आणि पुढची पायरी म्हणून थेट नसेचा ब्लॉक (नसेजवळ भुलीचं इंजेक्शन) सुचवलाय. ब्लॉकच्या आधी स्नायू आणि खुबा तपासून घ्यायला हवेत का? हवेत तर कोणत्या क्रमाने, आणि कोणत्या तपासणीतून नेमकं काय कळतं? 'ताण कमी करा, केगल (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम) करा' यापलीकडचं उत्तर हवं आहे.

---

रानवारा

तपासून घ्यायलाच हवेत, आणि ब्लॉकच्या आधी. कारण ही नस जाते कुठून ते पाहिलं की लक्षात येतं.

प्युडेंडल नस कण्याच्या खालच्या टोकाकडच्या एस२, एस३, एस४ या नसांच्या मुळांपासून निघते. नितंबातल्या पायरिफॉर्मिस स्नायूच्या खालून ओटीपोटाबाहेर पडते, इशियल स्पाइन नावाच्या हाडाच्या टोकाला मागून वळसा घालते आणि लगेच परत आत शिरते. त्या वळणावर ती दोन लिगामेंटच्या मधे असते: पुढे सॅक्रोस्पायनस, मागे सॅक्रोट्यूबरस. ही अडकायची पहिली जागा. पुढे ती अल्कॉक कॅनॉलमधून जाते (बेंजामिन अल्कॉक या आयरिश शरीररचनातज्ज्ञाने १८३६ मध्ये वर्णन केलेला). हा कॅनॉल म्हणजे हाडातला बोगदा नव्हे, ऑब्ट्युरेटर इंटर्नस या स्नायूवरच्या आवरणाची घडी आहे. म्हणजे नस अक्षरशः त्या स्नायूला चिकटून चालते. स्नायू आखडला, जाड झाला, त्याचं आवरण ताणलं गेलं तर नसेला सरकायला जागा उरत नाही.

आता हा ऑब्ट्युरेटर इंटर्नस मुळात खुब्याचा स्नायू आहे. ओटीपोटाच्या आतल्या भिंतीवर पंख्यासारखा पसरतो, बसायच्या हाडाच्या वरच्या खाचेतून जवळजवळ काटकोनात वळून बाहेर पडतो आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्याला जाऊन चिकटतो. पाय सरळ असताना तो मांडी बाहेर वळवतो. खुबा ९० अंशात वाकलेला असताना, म्हणजे बसल्यावर, मांडी बाहेरच्या बाजूला नेतो. शिवाय मांडीचा गोळा खोबणीत धरून ठेवायचं काम त्याच्याकडे आहेच. आणि पेल्विक फ्लोअरचा, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचा, लिव्हेटर एनाय हा स्नायू याच्याच आवरणावरच्या जाड पट्टीपासून सुरू होतो. त्यामुळे खुबा बिघडला की ओटीपोटाचा तळ आखडतो, आणि तळ आखडला की खुब्याच्या हालचालीही कमी होतात. ज्याला 'पेल्विक' दुखणं म्हणतात त्याचा अर्धा धागा खुब्याकडे जातो तो असा.

तपासणी कशी करायची ते सांगतो. ही प्रशिक्षित व्यक्तीनेच करायची, संमती घेऊन.

बाहेरून: कुशीवर झोपवायचं, दुखरी बाजू वर. बसायचं हाड चाचपून त्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवायची आणि दाब वर-बाहेर, खुब्याच्या दिशेने द्यायचा. सरळ वर दाबलं तर बोट लिव्हेटर एनायवर जातं, तिथे बऱ्याच जणांची गफलत होते.

आतून: योनीमार्गे किंवा गुदमार्गे एक बोट. उताणं झोपवून गुडघे वाकवलेले. घड्याळाची तबकडी धरली, १२ म्हणजे प्युबिक हाड, तर बाजूच्या भिंतीवर ३ किंवा ९ च्या जागी बोट ठेवायचं. दुसरा हात गुडघ्याच्या बाहेरून लावायचा आणि रुग्णाला गुडघा हलकेच बाहेर रेटायला सांगायचं. बोटाखाली काही फुगून आलं तर तो ऑब्ट्युरेटर इंटर्नस. फुगलं नाही तर बोट चुकीच्या जागी आहे, निष्कर्ष काढू नका. दाब मिटलेल्या पापणीवर सोसेल तितकाच. जास्त जोर लावला तर कुणालाही दुखेल आणि तपासणीला अर्थ उरणार नाही. चांगली बाजू आधी, दुखरी नंतर.

कसं दुखतं याकडे कान द्यायचा. बोथट, ओळखीचा, पसरणारा ठणका आला आणि रुग्ण म्हणाला 'हेच ते', तर तो स्नायू. जळजळ किंवा करंट पुढे जननेंद्रियाकडे धावला, विशेषतः बोट मागे इशियल स्पाइनजवळ असताना, तर नस चिडलेली आहे. दोन्ही एकदम सापडणं नेहमीचंच आहे.

पायरिफॉर्मिसबद्दल एवढंच: त्याचा ठणका नितंबाच्या मधोमध असतो आणि जास्त करून सायटिक नसेच्या वाटेने मांडीत उतरतो. नुसती मधल्या भागातली जळजळ असेल तर सगळं खापर त्याच्यावर फोडू नका.

आणि केगलबद्दल: तळ आधीच आखडलेला असेल तर केगल म्हणजे आवळलेली मूठ आणखी आवळणं. आतून तपासून स्नायू सैल आणि अशक्त आहे असं ठरेपर्यंत ते थांबवा.

---

अनुस्वार

रानवारांनी स्नायूची बाजू नीट मांडली आहे. मूळ प्रश्नातली 'पाय आत वळवताना अडतो, जांघेत कळ येते' ही खूण मात्र सांध्याकडे बोट दाखवते, तेव्हा खुब्याबद्दल सविस्तर.

उताणं झोपवून खुबा आणि गुडघा ९० अंशात आणा, दुसऱ्या हाताने ओटीपोट स्थिर धरा आणि पाय बाहेर नेत मांडी आत वळवा. साधारण ३० ते ४० अंश मिळायला हवेत. २० पेक्षा कमी, आणि दुसऱ्या बाजूशी स्पष्ट फरक, तर सांधा संशयास्पद. ओटीपोट उचललं जाऊ लागलं की मोजणं तिथेच थांबवायचं, नाहीतर आकडा फुगतो.

मग फॅडिर चाचणी: खुबा पूर्ण वाकवून मांडी आत आणायची आणि आत वळवायची. दुखलं का, यापेक्षा कुठे दुखलं हे विचारा. जांघेत खोल कळ आली, रुग्णाने अंगठा आणि बोटांची कमान करून खुब्याची बाजू धरून दाखवली, तर सांधा. नितंबात खोल ओढ आली तर मागचे स्नायू. ओळखीची जळजळ जागी झाली तर नस ताणली जातेय. ही चाचणी नकारात्मक आली तर सांध्यात अडकण्याची शक्यता बरीच कमी होते, पण सकारात्मक आली म्हणून काही सिद्ध होत नाही.

एक्स-रे दोन: ओटीपोटाचा समोरून, आणि ४५ अंशांचा डन व्ह्यू (खुबा वाकवून घेतलेला). साध्या समोरच्या फिल्ममध्ये मांडीच्या मानेवरचा फुगवटा सहज निसटतो. हा फुगवटा मोजणारा अल्फा अँगल ५५-६० च्या वर असेल तर कॅम प्रकारचा फुगवटा. खोबणीचं छत मोजणारा सेंटर-एज अँगल ४० च्या वर असेल तर खोबण जास्त झाकलेली, म्हणजे पिन्सर. २० च्या खाली असेल तर खोबण उथळ, डिस्प्लेशिया. २० ते २५ हा सीमेवरचा भाग.

हा शेवटचा फरक कळीचा आहे आणि तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. कॅम-पिन्सरच्या खुब्यात हाडाला हाड अडतं, त्यामुळे खोल वाकणं टाळायचं असतं. उथळ खोबणीच्या खुब्यात ऑब्ट्युरेटर इंटर्नस आखडलेला असतो तो सांधा सावरण्यासाठी. तिथे तो स्नायू ताणून-ताणून सैल केला तर दोन दिवस बरं वाटतं आणि मग दुखणं दुप्पट होऊन परत येतं. सांधे लवचीक असलेल्यांत (लवचीकता मोजणारा बेटन स्कोअर ९ पैकी ५ किंवा अधिक) हेच घडतं. तिथे ताणण्याऐवजी बळकटी.

एमआरआयमध्ये लॅब्रम (खोबणीच्या कडेची कूर्चेची किनार) फाटलेला दिसला तरी हुरळून जाऊ नका. काहीही न दुखणाऱ्या अनेक लोकांतही तो फाटलेला दिसतो. खुब्याचा काहीही त्रास नसलेल्यांतही कॅम फुगवटा आढळतो. म्हणूनच २०१६ च्या वॉरिक करारात तज्ज्ञांनी लक्षणं, तपासणीतल्या खुणा आणि इमेजिंग ही तिन्ही जुळली तरच 'एफएआय सिंड्रोम' (खुब्यात हाडाला हाड अडण्याचा विकार) म्हणायचं असं ठरवलं.

खात्री करायचा मार्ग म्हणजे सांध्यात भूल देणारं इंजेक्शन, सोनोग्राफी किंवा एक्स-रेखाली, साधारण ५ ते १० मिलि. सुई टोचून झाली की लोक घरी जाऊन झोपतात आणि तपासणी फुकट जाते. इंजेक्शननंतर पहिल्या दोन तासांत तेच करायचं ज्याने दुखतं: वीस मिनिटं बसा, जिना चढा, फॅडिर पुन्हा करून घ्या. जांघेची कळ आणि मधली जळजळ दोन्ही कमी झाल्या तर सांधा मूळ कारणात आहे. जांघ शांत झाली पण जळजळ तशीच राहिली तर खुबा दुरुस्त करून नसेचं दुखणं जाईल अशी आशा धरू नका.

शस्त्रक्रियेचा विषय निघालाच तर हे आधी विचारा: खुब्याच्या आर्थ्रोस्कोपीत (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत) पाय ओढून सांधा उघडतात आणि त्या वेळी जांघांच्या मधे आधाराचा खांब असतो. त्याच्या दाबाने प्युडेंडल नस दुखावू शकते. बहुतेकांची काही आठवड्यांत सावरते, पण ज्याची नस आधीच चिडलेली आहे त्याच्यासाठी हा धोका छोटा नाही. खांबाशिवाय ओढण्याची पद्धत उपलब्ध आहे का, खांब वापरणार असतील तर किती रुंद आणि गादीचा, ओढ किती वेळ राहणार (दोन तासांच्या आत हवी), हे सर्जनला स्पष्ट विचारा.

---

पायवाट

दोघांचेही आभार. फॅडिरमध्ये कळ जांघेतच येते, नितंबात नाही. एक्स-रे पूर्वी झालाय तो फक्त समोरचा, आता डन व्ह्यू करून घेण्याबद्दल बोलता येईल.

दोन गोष्टी राहिल्या. एक, गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढण्याचा पायरिफॉर्मिसचा स्ट्रेच दिलाय आणि त्याने दुसऱ्या दिवशी जळजळ वाढते. दुसरी, मधे भोक असलेली गोल उशी वापरून फरक पडलेला नाही.

---

रानवारा

तो स्ट्रेच आजच बंद करा. गुडघा विरुद्ध खांद्याकडे ओढणं म्हणजे जवळजवळ फॅडिरच. सांधा अडत असेल तर तिथे हाडाला हाड टेकतं, वर नसही ताणली जाते. कबुतरासनासारख्या आसनांचंही तेच.

त्याऐवजी ऑब्ट्युरेटर इंटर्नससाठी 'दाबा आणि सोडा'. उताणं झोपा, गुडघे वाकवून पावलं खुब्याच्या रुंदीइतकी दूर. गुडघ्यांच्या जरा वर दोन्ही मांड्यांभोवती न ताणणारा पट्टा बांधा. गुडघे पट्ट्यावर बाहेर रेटा, ताकद पूर्ण जोराच्या पाचव्या भागाइतकीच, ७ ते १० सेकंद. मग श्वास सोडत सैल व्हा, २० सेकंद काहीही करू नका. असं ५ वेळा, दिवसातून दोनदा. खरा परिणाम त्या २० सेकंदांत होतो, ते खाऊन टाकू नका. चुका ठरलेल्या आहेत: रेटताना श्वास रोखणं, नितंब आवळणं, गुदद्वार वर खेचलं जाणं. यातलं काही होत असेल तर जोर निम्मा करा.

सोबत श्वास. गुडघ्याखाली उशी घेऊन उताणं, ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, पाच मिनिटं. कपड्यांवरूनच मधल्या भागावर तळहात ठेवा. श्वास घेताना तो भाग किंचित खाली, हाताकडे यायला हवा. शौचाला जोर लावतो तसं ढकलून तो खाली आणायचा नाही. पोट कडक झालं की समजा जोर लावला जातोय.

कसं चाललंय हे व्यायाम करताना ठरत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ठरतं. २४ तासांत दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं तर मात्रा बरोबर, नाही आलं तर कमी करा. हे ६ ते ८ आठवडे नेटाने केल्यावर आतली तपासणी पुन्हा करून तुलना करायची.

काही जण पेल्विक वाँड (आतल्या स्नायूंवर दाब द्यायची वाकडी कांडी) देतात. उपयोगी आहे, पण आधी कुणीतरी जागा दाखवल्याशिवाय नको. दाब बाजूच्या भिंतीवर, खुब्याच्या दिशेने, एका जागी ३० ते ६० सेकंद, एक दिवसाआड. मागे-बाजूला इशियल स्पाइनकडे नाही, पुढे १२ च्या दिशेला मूत्रमार्गाकडे नाही. करंट गेला की लगेच काढायचं. गरोदरपणात किंवा जंतुसंसर्ग असताना अजिबात नाही.

आता उशी. गोल उशीचं कडं मधल्या भागाच्या भोवतीच दाबतं आणि बसायची हाडं बऱ्याचदा भोकाच्या काठावर लटकतात, म्हणून ती चालत नाही. हवी ती इंग्रजी यू-च्या आकाराची, मागून किंवा पुढून उघडी, घट्ट फोमची. दोन्ही बसायच्या हाडांखाली आधार, मधे मोकळी फट. बसल्यावर मागून फटीत हात घालून पाहा: बोटं सहज सरकली पाहिजेत. फोम मऊ असेल तर तो दबून फट मिटते आणि उशीचा उपयोग शून्य. घरी करून पाहायचं तर दोन टॉवेलच्या घट्ट घड्या, प्रत्येक हाडाखाली एक. खुर्ची अशी उंच करा की खुबा गुडघ्यापेक्षा वर राहील, म्हणजे सांधाही कमी वाकतो. आणि जळजळ वीस मिनिटांनी सुरू होत असेल तर उठायचं दहाव्या मिनिटाला, सुरू झाल्यावर नव्हे.

बद्धकोष्ठता असेल तर आधी ती सोडवा. जोर लावताना तळ खाली जातो आणि नस ताणली जाते. पायाखाली स्टूल घ्यायचा सल्ला सर्रास देतात, पण खुबा अडणाऱ्यांना उंच स्टूल बाधतो. जांघेत कळ न येता जमेल तेवढीच उंची.

---

सांजवेळ

ब्लॉकबद्दल लिहितो, कारण त्याचा निकाल चुकीचा वाचला जातो.

प्युडेंडल न्यूराल्जिया ठरवायचे, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले नांत निकष पाच आहेत: दुखणं प्युडेंडल नसेच्या हद्दीत असणं, मुख्यतः बसल्यावर वाढणं, त्याने रात्री जाग न येणं, तपासणीत स्पर्शाची जाणीव हरवलेली नसणं, आणि नसेच्या ब्लॉकने दुखणं थांबणं. मूळ प्रश्नातलं चित्र पहिल्या तीनांत बसतं. कमोडवर आराम पडणं हे पूरक लक्षण आहे: तिथे वजन बसायच्या हाडांवर येतं, मधला भाग मोकळा राहतो. कमोडवरही तेवढंच दुखत असेल तर बसायच्या हाडाशी चिकटणारा हॅमस्ट्रिंगचा कंडरा आणि नितंबाच्या खालच्या भागाची इन्फिरियर क्ल्युनिअल नस तपासा. दुखणं जांघेपासून पुढे वृषणाकडे किंवा योनीच्या बाहेरच्या ओठाकडे जात असेल तर इलिओइंग्वायनल आणि जेनिटोफेमोरल नसा, त्या कंबरेच्या मणक्यांतून येतात. मांडीच्या आतल्या बाजूने उतरत असेल तर ऑब्ट्युरेटर नस.

आता मुद्दा. अल्कॉक कॅनॉलमध्ये दिलेलं औषध ऑब्ट्युरेटर इंटर्नसच्या आवरणात पसरतं, थोडं स्नायूतही मुरतं. त्यामुळे तिथल्या ब्लॉकने आराम पडला तर 'नस तिथे अडकली आहे' असं सिद्ध होत नाही. स्नायू बधिर झाल्यानेही आराम पडलेला असू शकतो. शिवाय नसेच्या पुढच्या टोकाकडे काही बिघाड असेल तरी मागे दिलेला ब्लॉक ते दुखणं थांबवतो. ब्लॉक सांगतो एवढंच, की दुखण्याची वर्दी या नसेवाटे जाते. नकारात्मक ब्लॉक जास्त बोलतो, पण भाग खरंच बधिर झाला होता हे कापसाने तपासलेलं असेल तरच.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी हाताने केलेली तपासणी, मग एक्स-रे, मग शंका असेल तर खुब्याचं इंजेक्शन, आणि नंतर ब्लॉक. सांध्याचं इंजेक्शन आणि ब्लॉक एकाच दिवशी घेऊ नका. आराम कशाने पडला ते कळणारच नाही. दोन्हींत किमान एक आठवडा, आणि स्टेरॉइड मिसळलेलं असेल तर त्याहून बराच जास्त. प्युडेंडल ब्लॉकमध्ये स्टेरॉइड घालून जास्त फायदा होत नाही असं २०१७ च्या एका नियंत्रित चाचणीत दिसलं, तेव्हा निदानासाठी नुसती भूल पुरे. लिग्नोकेनचा असर तास-दोन तास, ब्युपिव्हकेनचा बराच जास्त. त्या अवधीत दर १५ मिनिटांनी १० पैकी आकडा लिहा, आणि बसूनच लिहा.

सोबत औषधं चालू असतील (अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन) तर तपासणीसाठी ती मनाने बंद करू नका. ती हळूहळूच उतरवायची असतात. वहीत मात्रा आणि वेळ लिहा, पुरे.

आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकासाठी: दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, लघवी अडणं किंवा कळत नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, पायांतली ताकद कमी होणं, यातलं काहीही नवीन सुरू झालं तर त्याच दिवशी आपत्कालीन विभागात जा. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर ते प्युडेंडल न्यूराल्जियाचं चित्रच नाही, कारण दुसरीकडे शोधा.

---

पायवाट

म्हणजे आधी आतून-बाहेरून स्नायूची तपासणी, डन व्ह्यू, स्ट्रेच बंद, उशी बदल, आणि ब्लॉकची तारीख पुढे. खुब्याच्या इंजेक्शनच्या दिवशी आधी दुखणं जागं करून जायचं का?

---

अनुस्वार

हो. दुखणं २-३ वर असताना इंजेक्शन घेतलं तर आराम मोजायला जागाच राहत नाही. निघण्यापूर्वी बसून ते किमान ५ पर्यंत येऊ द्या, आकडा लिहा, तपासणाऱ्याकडून फॅडिर करून घ्या, मग सुई. आणि परतीच्या प्रवासात गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायची: भुलीने पाय काही तास जड राहू शकतो, आणि तुमचे आकडे लिहायचे दोन तासही तेव्हाच असतात.